डिंगोरे ब्रदर्सचा धाकटा

बाभळीला कर्णा बांधताना त्याचं तोंड देवळाकडं करू नये. पारावरची म्हातारी माणसं उठून येतात आणि थेट वायरीला हात घालतात.

*

फोटोत पाच जण. चार चकाकते शर्ट, एक परकर-पोलकं. सगळ्यांत पुढे, गळ्यात लाल बो बांधलेला नऊ वर्षांचा पोरगा. त्याचा डावा डोळा मिटलेला. फोटोवाल्यानं दुसरा फोटो काढला नाही, रोल संपला होता.

*

कांद्याला पाणी भरताना गप्पा मारल्या की वाफा फुटतो.

*

शर्यतीच्या कर्ण्यातून: "पावणं, गाडा जुपला असंल तर हात वर करा. हात वर केला असंल तर आता खाली घ्या राव, किती वेळ धरताय."

*

मुलाचा आवाज फुटतो, कर्ण्याचा फाटतो.

*

चाकणच्या कंपनीत हजर व्हायचं तर काळे बूट लागतात.

*

आणि वळीव.

*

२००३ च्या चैत्रात, निरगुडसरच्या यात्रेला, तो वळीव चारच्या सुमारास आला. आधी वारा, मग धूळ, मग वरून कुणी खडे मारावेत तसे थेंब. स्टेज अजून नुसते बांबू होते. वृषालीनं ताडपत्री ओढली आणि मशीनवर आडवी पडली.

मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर. तिच्या वडिलांचा, कुंडलिकअण्णांचा, साऊंडचा धंदा होता. लग्न असो, सप्ताह असो, निवडणूक असो, आंबेगाव तालुक्यात कर्णा वाजला की तो बहुधा अण्णांचाच. अण्णांना मुलगा नव्हता आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलंही नव्हतं. "वायरींचं काम बारीक बोटांचं," एवढंच म्हणायचे आणि एकुलत्या एका मुलीच्या हातात सोल्डरिंगची कांडी द्यायचे.

ताडपत्रीचं एक टोक वाऱ्यानं उचललं. तेवढ्यात बाहेरून एक हात आला आणि त्यानं ते टोक खाली दाबलं. हातामागून अख्खा माणूस आत आला, भिजलेला, केसांतून पाणी गळत असलेला.

"धरून बसा," वृषाली त्याच्याकडं न बघता म्हणाली. "सोडलं तर मशीन जाईल. मशीन गेलं तर रात्री डिंगोरे ब्रदर्स कशानं गाणार?"

"तोंडानं गातात ना?"

"कशाचं तोंडानं. त्यातला धाकटा तर नुसते ओठ हलवतो म्हणं. मागं कॅसेट चालू असती."

ताडपत्रीवर पाऊस ताशासारखा वाजत होता. आत गरम धातूचा आणि ओल्या मातीचा वास कोंडला होता.

"कोण म्हणतं?"

"सगळा तालुका म्हणतो."

"जुन्नर का आंबेगाव?"

"दोन्ही."

"मग खरं असंल," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात काहीतरी होतं... म्हणून तिनं मान वळवली. पंचविशीच्या आतला मुलगा. डावा डोळा उजव्यापेक्षा जरासा बारीक. हा डोळा तिनं कुठंतरी मिटलेला पाहिला होता — टपऱ्यांवर, जीपच्या काचेवर, न्हाव्याच्या आरशाशेजारी चिकटवलेल्या फोटोत.

"तुमी..."

"तुमीच धरून बसा म्हणालात. मी धरलंय."

"मला म्हाईत नव्हतं."

"आता म्हाईत झालं. सोडू का टोक?"

"सोडून तर बघा."

त्यानं सोडलं नाही. पाऊस थांबला, कुणीतरी बाहेरून "उघडा आता" म्हणालं, तरी दोघं आपापलं टोक घट्ट धरून बसले होते.

*

थोडं मागं जायला हवं.

डिंगोऱ्याच्या आमल्यांच्या घरात पाच भावंडं. थोरला हौशीराम ऑर्गन वाजवायचा, मधले दोघं ढोलकी आणि बँजो, बहीण वैजयंती गायची. स्वराज शेंडेफळ. १९९१ साली मुंबईच्या एका कॅसेट कंपनीनं त्यांना बोलावलं. आडनाव कंपनीला पसंत पडलं नाही, म्हणून कव्हरवर गावाचं नाव छापलं: डिंगोरे ब्रदर्स. त्यात एक बहीण होती, तरीही. वैजयंतीनं विचारलं तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, "ताई, इंग्लिशमदी सगळं चालतं."

त्या कॅसेटवर 'सायकलीवर चांदोबा' नावाचं एक गाणं होतं. स्वराजनं ते एका दमात गायलं, आणि पुढची चार-पाच वर्षं एसटी स्टँडवर, गणपतीत, लग्नाच्या मांडवात, उसाच्या ट्रॅक्टरवर तोच एक पोरसवदा-गोड आवाज वाजत राहिला. बायका त्याचे गाल ओढायच्या. शाळेत मास्तर गणित चुकलं की म्हणायचे, "चांदोबा, उठा सायकलीवरून." नाशिक, सोलापूर, दादर. गाडीत झोपायचं, उठवलं की बो बांधून गायचं.

मग ओतूरला एका गणपतीपुढे वरचा सूर लावताना आवाज फुटला. समोरची माणसं हसली. हौशीराम धंदा जाणणारा माणूस; दुसऱ्या दिवसापासून त्यानं कॅसेट लावली आणि धाकट्याला नुसते ओठ हलवायला लावले. मिसरूड दिसायला लागेपर्यंत हे चाललं. लोकांना कळलं होतंच. नंतर स्वराज ऑर्गनमागं जाऊन बसला.

पण गाणं सुटलं नव्हतं. विहिरीवर मोटर चालू झाली की तिच्या घरघरीत तो आपला नवा, जाडसर, अनोळखी आवाज मिसळायचा. मोटर बंद झाली की गप्प. घरच्यांना पाच वर्षं वाटत होतं, हा पाण्याकडं फार लक्ष देतो.

*

त्या यात्रेनंतर असं झालं की, डिंगोरे ब्रदर्सचा कार्यक्रम जिथं ठरेल तिथं साऊंड कुंडलिकअण्णांचाच लागे. हौशीराम कुरकुरायचा, "जुन्नरला साऊंडवालं मेलं का?" स्वराज म्हणायचा, "अण्णांच्या मशीनला खरखर न्हाई."

"मशीनला न्हाई," वैजयंती म्हणायची, "आन् मशीनवालीला?"

कार्यक्रमाआधी माईक तपासायचा असतो. सगळं जग त्यासाठी हॅलो म्हणतं आणि आकडे मोजतं. स्वराज रिकाम्या मैदानापुढे उभा राहून भलतंच बोलायचा.

"हॅलो... हॅलो... दुपारच्या भाजीत मीठ जास्त व्हतं."

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, मशीनमागं, वृषाली हेडफोन लावून बसलेली. ती बोलू शकत नसे. तिच्याकडं माईक नव्हता. पण तिच्याकडं बटनं होती. वाक्य आवडलं तर ती इको वाढवायची — मीठ, मीठ, मीठ — आणि नाही आवडलं तर कर्ण्यातून अशी शिट्टी काढायची की झाडावरची वटवाघळं उडायची.

"हॅलो. आज निळं छान दिसतंय... आभाळाबद्दल बोलतोय."

आभाळ ढगाळ होतं. ओढणी निळी होती. इको देऊ की शिट्टी, हे तिला त्या दिवशी ठरवता आलं नाही. ती नुसती बटनाकडं बघत बसली, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत.

"ह्या पोराला माईकवर कायबी बोलू देतंय कोण?" मैदानालगतच्या घरातून कुणी चिमाबाई म्हणाली. ती एकटीच नव्हती. अर्ध्या गावाला ऐकू गेलं होतं.

एकदा तार गुंडाळताना त्यानं विचारलं, "खरं सांग. नवा आवाज कसाय?"

"मला जुना म्हाईतच न्हाई," ती म्हणाली. "म्हणजे कॅसेटीत म्हाईत हाय. पण तो पोरगा कोण, मला काय करायचं त्याचं?"

त्यानं गुंडाळलेलं वेटोळं उलगडलं आणि पुन्हा गुंडाळायला घेतलं. असं त्याला कुणीच म्हणालं नव्हतं.

*

२००४ चा माघ. लेण्याद्रीच्या पायथ्याला गणेशजन्माचा उत्सव, आणि स्वराजचा स्वतःच्या नावावरचा पहिला कार्यक्रम. हौशीरामनं सरळ सांगून टाकलं होतं. "गा तुझी तू गाणी. जमलं तर कॅसेट काढू तुझ्या नावाची. न्हाई जमलं तर चाकणच्या कंपनीत मावसभावानं शब्द टाकलाय. मग परत गाणं म्हणून नाव काढायचं न्हाई."

दिवेलागणीला मैदान भरलं. पहिली दोन गाणी चांगली गेली. तिसरं त्याचं स्वतःचं, कुकडीच्या काठावरचं, संथ चालीचं. वृषाली हेडफोनमधून ऐकत होती, मान खाली, बोटं बटनांवर. आवाज कर्ण्यातून सगळ्यांना जात होता, पण हेडफोनमधून तो तिच्या एकटीच्या कानाशी येत होता, श्वासासकट. दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ संपली...

आणि तो थांबला.

साऊंडच्या धंद्यात एक गोष्ट लहानपणीच हाडात भिनवतात: कर्णा गप्प बसू द्यायचा नाही. कर्णा गप्प झाला की माणसं उठतात. उठली की चपला शोधतात. चपला शोधता शोधता भांडणं होतात. म्हणून डेकमध्ये एक कॅसेट कायम तयार ठेवायची, हमखास चालणारी, आणि गाणारा अडखळला की दुसऱ्या क्षणाला बटन. विचार करायचा नाही. विचार करायला वेळ नसतो.

वृषालीनं विचार केला नाही.

*सायकलीवर चांदोबा, मागं बसली मांजर...*

नऊ वर्षांचा स्वराज मैदानभर गाऊ लागला. एकवीस वर्षांचा स्वराज तोंडापुढे माईक धरून उभा होता.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो अजून कॅसेटीवरच हाय की." आणि ते हसू पुढच्या रांगेपर्यंत पसरत गेलं, वाईट नव्हतं, जुनी ओळख निघाल्यासारखं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. माणसं टाळ्या वाजवून गाण्यात सामील झाली. तिनं कॅसेट बंद केली तोवर स्वराज स्वतःचा माईक स्टेजवर ठेवून खाली उतरला होता. पुढचा कार्यक्रम वैजयंतीनं रेटून नेला.

*

पंधरवडाभर निरोप नाही. गावातल्या कॉइन बॉक्सवर तिनं डिंगोऱ्याचा नंबर फिरवला, पलीकडून हौशीरामचा आवाज आला, तिनं ठेवून दिला.

शेवटी अण्णाच म्हणाले, "त्याचा माईक आपल्याकडं ऱ्हायलाय. देऊन ये."

"अण्णा, तुमीच..."

"मला कंबर दुखती."

अण्णांची कंबर त्याच सकाळी कर्णा घेऊन बाभळीवर चढून आली होती.

निरगुडसर, मंचर, नारायणगाव, जुन्नर, डिंगोरे. एसटीत मांडीवर माईक, ओढणीत गुंडाळलेला. घरात वैजयंती माहेराला आली होती. तिनं वृषालीकडं, मग तिच्या हातातल्या गाठोड्याकडं पाहिलं, आणि काहीच न विचारता मळ्याकडं बोट केलं.

तो कांद्याला पाणी भरत होता, गुडघाभर चिखलात, हातात फावडं.

"माईक आणलाय," ती बांधावरून म्हणाली.

"ठेव तिकडं. उपयोग काय त्याचा."

"मला वाटलं, तू शब्द विसरलास. मला... सवय हाय. हात आपोआप जातो."

"विसरलो नव्हतो."

"मग का थांबलास?"

तो पाण्याकडं बघत राहिला. पाणी वाफ्यात शिरत होतं, कोपऱ्यात पोचत होतं.

"ते गाणं कोणावर हाय, तुला कळलं का?"

तिनं माईकवरची ओढणी आणखी घट्ट गुंडाळली.

"तू मान खाली घालून बसली व्हतीस," तो म्हणाला. "म्हटलं, थांबावं जरा. थांबलो तर वर बघंल. एकदा वर बघितलं की म्हणू पुढचं... तू बघितलं न्हाईस. तू मला उचलून परत नऊ वर्षांचा केलंस."

"मी सगळ्यांना सांगते. चूक माझी व्हती म्हणून."

"काय सांगशील? का थांबला ते पण सांगावं लागंल." तो पहिल्यांदाच हसला, पण डोळ्यांत काही नव्हतं. "पोरीच्या जातीला ते परवडत न्हाई, वृषाली. ऱ्हाऊ दे. यात्रा झाली की चाकणला हजर व्हायचंय. बूट घेतलेत."

वाफा फुटला होता. दोघांनाही ते बराच वेळ दिसलं नाही.

*

चैत्र.

निरगुडसरच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढाच्या पट्टीवर, बैलगाड्यांच्या शर्यती. भर दुपार, दोन्ही अंगाला माणसांच्या भिंती, हवेत गुलाल आणि भज्यांचा वास. मशीनवर अण्णा आणि वृषाली. माईकवर गाड्यांची नावं पुकारणारा सावळेराम, घशाला उपरणं बांधलेला, सकाळपासून बोलून बोलून भोंगा झालेला. हौशीरामनं यंदा गाडा आणला होता, म्हणून सगळे आमले आले होते. खाली, घाटाच्या तोंडाशी, स्वराज बैलांचा कासरा धरून उभा होता. पुढच्या सोमवारी तो कामावर जाणार होता.

"आला, आला," सावळेराम ओरडला, "जुन्नर तालुक्यातनं डिंगोऱ्याचा गाडा आला. मंडळी, जरा नीट बघून घ्या. बैलं खरी हायती का कॅसेटवरची?"

घाट हसला. स्वराजनं मान खाली घातली आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, बैलाला काही झालेलं नव्हतं तरी.

वृषाली उठली. चार पावलांवर सावळेराम होता. तिनं त्याच्या हातातून माईक घेतला; त्याला वाटलं, काहीतरी बिघडलंय.

"ऐका," ती म्हणाली. "मी कुंडलिक स्पीकरवाल्यांची वृषाली."

माणसांच्या माना वळल्या. घाटात बाईचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"लेण्याद्रीला कॅसेट मी लावली. स्वराज गात व्हता. स्वतःच्या गळ्यानं. माझ्या हातनं चूक झाली, त्याच्या न्हाई."

हे एवढ्यावर भागलं असतं. पण पलीकडच्या गर्दीतून कुणीतरी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता.

"मग त्यो मधीच थांबला कशापायी?"

वृषालीचा श्वास कर्ण्यातून सगळ्या घाटाला ऐकू गेला. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. अण्णांचा हात आवाजाच्या बटनाकडं गेला होता. अण्णा बंद करणार. करावंच त्यांनी. चार गावांचे पाहुणे इथं उभे होते, उद्या त्यांच्यातलंच कुणी तिला बघायला आलं असतं.

तरी तिनं बोलायचं ठरवलं. कर्ण्यातून नाही तर नुसत्या तोंडानं.

"माझ्याकडं बघायला थांबला," ती म्हणाली. "मी मान वर करावी म्हणून. मी केली न्हाई."

आवाज बंद झाला नव्हता. तो आधीपेक्षा मोठा निघाला होता, समोरच्या टेकडीवर आपटून तो परत आला — केली न्हाई — आणि वृषालीनं वळून पाहिलं तर अण्णांनी बटन शेवटपर्यंत फिरवलं होतं. ते तिच्याकडं बघत नव्हते. मशीनच्या काट्याकडं बघत होते, आवाज फाटतो का ते.

"आता करते," ती म्हणाली, आणि घाटाच्या तोंडाकडं, गुलालातून, सरळ पाहिलं.

सावळेरामनं उपरणं सोडून पुन्हा बांधलं. "मंडळी," तो माईकाशिवायच म्हणाला, "पुढची बारी थांबवा जरा. बैलांनीबी कान टवकारल्यात."

खाली स्वराज कासरा सोडू शकत नव्हता. त्यानं तो हौशीरामपुढं धरला.

"दादा, धर."

"आता कुठं? बारी आपली हाय."

"अंतरा ऱ्हायलाय," स्वराज म्हणाला.

हौशीरामनं बैलांकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, आणि कासरा घेतला. "लवकर म्हण," तो म्हणाला. "उन्हं कलायच्या आत."

गर्दीनं वाट दिली आणि तो वर आला. त्यानं तिच्या हातातून माईक घेतला. बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

"हॅलो," तो म्हणाला. मग माईक खाली करून, फक्त तिला ऐकू जाईल असं: "आता काय बोलू?"

"बोलू नकोस. गा."

*

स्वराज सोमवारी चाकणला गेला नाही. बूट मधल्या दोघांतल्या एकाला झाले.

त्याच्या नावाची कॅसेट २००५ साली निघाली, तेव्हा टपऱ्यांवर सीडी आल्या होत्या आणि कॅसेट ठेवायचे लाकडी खण दुकानदार मोडून काढत होते. नऊ वर्षांच्या स्वराजला जेवढं जग ओळखत होतं, तेवढं मोठ्या स्वराजला कधीच ओळखू लागलं नाही. पण ओतूरपासून मंचरपर्यंत यात्रा असली की त्याला बोलावणं असायचं, आणि माणसं चपला शोधायची नाहीत. भावंडं शेवटचं एकत्र गायली ती २००९ साली, डिंगोऱ्यातच. कापडी फलकावर पाचही जणांची नावं होती. वैजयंतीचं पहिलं.

लग्न त्याआधी, २००६ च्या वैशाखात झालं. साऊंड जुन्नरचा होता. अण्णा मुलीचे बाप म्हणून मांडवात बसले होते आणि दर थोड्या वेळानं मान वाकडी करून म्हणत होते, "खरखर येतीय."

*

१९९२ च्या दिवाळीत मंचरच्या बाजारतळावर, उघड्या ट्रकवर, डिंगोरे ब्रदर्सचा कार्यक्रम झाला. साऊंड कुंडलिकअण्णांचा होता. आठ वर्षांची वृषाली पहिल्याच गाण्याला मशीनच्या पेटीवर डोकं ठेवून झोपली.